तबकडीवरच्या खुणा

फार जुन्या काळी, डोंगरांच्या कुशीत एक छोटं राज्य होतं. तिथल्या शेतांना तलावाचं पाणी पाटानं मिळायचं. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचं, हे एक म्हातारा पाटकरी पाहायचा. थोरल्या महाराजांनी त्याला चांदीच्या तबकडीचं घड्याळ दिलं होतं. त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणून काच उघडून त्यानं तबकडीच्या कडेनं सुईनं खुणा कोरल्या होत्या, प्रत्येक शेताच्या पाळीची एक. तंटा झाला की तो घड्याळ पुढे धरायचा आणि माणसं मुकाट घरी जायची.

पुढे पाटकरी वारला. घड्याळ राजवाड्यात जमा झालं, आणि पाळ्या नुसत्या सवयीनं चालू राहिल्या. थोरले महाराजही गेले आणि धाकटे गादीवर आले.

एकदा मोठा दरबार भरायचा होता. कारभाऱ्यानं ते बंद पडलेलं घड्याळ म्हाळसाबाईकडे आणून दिलं. नवऱ्यामागे त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तीच चालवायची.

"यंत्र चालू करा, आणि ही काळवंडलेली तबकडी घासून लख्ख करा," कारभारी म्हणाला. "वर नवे आकडे काढा. महाराजांच्या हातात असलं ध्यान शोभत नाही."

तो गेल्यावर बाईनं डोळ्याला भिंग लावलं, आणि तिचा हात थांबला. तिचं माहेर पाटाच्या शेवटच्या टोकाला होतं. लहानपणी याच खुणांवर बोट ठेवून पाटकऱ्यानं तिच्या वडिलांना त्यांचं पाणी मिळवून दिलं होतं. आणि पाटाच्या वरच्या अंगाची निम्मी शेतं आता कारभाऱ्याची होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं यंत्र साफ केलं, घड्याळ चालू केलं, पण तबकडीला हात लावला नाही. दरबाराच्या आधीच घड्याळ घेऊन ती स्वतः राजवाड्यात महाराजांपुढे गेली.

"महाराज, हा मळ नाही," ती म्हणाली. "हे खालच्या शेतांचं पाणी आहे. हे घासलं तर त्यांच्याकडे दाखवायला काही उरणार नाही."

कारभारी हसला. "महाराज, चार ओरखड्यांसाठी बाई किती तळमळतायत पाहा. लागलंच तर मी कागदावर उतरवून घेतो."

"मग आत्ता घ्या. इथे, सगळ्यांसमोर."

महाराजांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. त्यांना ते फार कळकट वाटलं. "कारभारी उतरवून घेतील," ते म्हणाले. "तुम्ही करत नसाल तर दुसरा कारागीर करेल."

"ज्यांच्या घशाला कोरड पडणार, त्यांना तुम्ही विचारलंत का?" बाईनं विचारलं. महाराजांनी घड्याळ कारभाऱ्याच्या हाती दिलं. बाई रागानं बाहेर पडली.

दरबाराच्या दिवशी घड्याळ आरशासारखं चमकत होतं. साऱ्यांनी वाहवा केली. कागदावर मात्र कुणी काही उतरवलं नव्हतं.

उन्हाळ्यात तलाव आटू लागला, तशी वरच्या शेतांची पाळी लांबत गेली. खालच्या टोकाला पाणी पोचेना. उभी पिकं करपली. माणसं राजवाड्यावर आली तेव्हा कारभाऱ्यानं शांतपणे विचारलं, "तुमची पाळी एवढी होती, याला पुरावा काय?"

महाराजांनी घड्याळ मागवलं. लख्ख तबकडीत त्यांना नवे आकडे आणि स्वतःचा चेहरा दिसला, दुसरं काही नाही. त्यांनी म्हाळसाबाईला बोलावलं. "त्या खुणा परत आणता येतील?"

"खरवडून काढलेलं परत येत नाही, महाराज," ती म्हणाली. "मी सांगत होते तेव्हा तुम्ही घड्याळाचं रूप पाहत होतात."

महाराजांनी मान खाली घातली. कारभाऱ्याला त्यांनी पदावरून काढलं, आणि सगळी शेतं नव्यानं मोजायला लावली. त्या कामाला तीन वर्षं लागली. तोवर खालची सात घरं गाव सोडून गेली होती. त्यांत म्हाळसाबाईच्या भावाचंही घर होतं. ती माणसं परत आली नाहीत.

तात्पर्य: जुन्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी, तो डाग आहे की कुणाचा हक्क, हे आधी पाहावं.