माघारीची माळ

फार जुनी गोष्ट. तुमच्या-माझ्या पणज्याचेही पाळणे हलायचे होते, तेव्हा एका ओसाड मुलखात एक डोंगर होता. त्याची हकिगत माझ्याइतकी छातीठोकपणे सांगणारा माणूस शोधून सापडायचा नाही. कारण मी त्या बाजूला कधी फिरकलोच नाही.

डोंगर असा आडवा पसरलेला, की पलीकडे पाऊस मुक्कामाला आणि अलीकडे त्याचा नुसता गडगडाट. पलीकडे कमरेइतकं गवत, अलीकडे बोरी-बाभळी आणि दगड. वर वर तर झाडंसुद्धा दमून थांबलेली. मधोमध एक खिंड. सकाळी ती लख्ख दिसे. पण खालचं रान तापलं, की दूध उतू जावं तसा पलीकडचा ढग तिच्यातून अलीकडे सांडे. मग गारा, झोंबरं वारं आणि स्वतःचा हात परका वाटावा असं धुकं.

पायथ्याच्या धनगरवाडीत एक रीत होती. खिंडीकडे गेलेला माणूस पलीकडे न पोचताच माघारी आला, की त्याच्या गळ्यात लेंड्यांची माळ घालायची. हसा खुशाल! पण त्या माळेच्या भयाने भलेभले मिशाळ गडी ढगात शिरले आणि कळप गमावून बसले.

एका वर्षी अलीकडचं गवत मुळासकट संपलं. मेंढरं काट्या चघळू लागली. तेव्हा एका धनगरणीने कळप हाकला.

"पलीकडे नेईन, नाहीतर नावाची धनगरीण नाही," ती म्हणाली.

खिंड हाकेवर आली आणि ढगाने जीभ बाहेर काढली. धनगरीण तिथल्या तिथे वळली.

खाली वाडीचा म्हातारा कारभारी माळ घेऊन उभाच होता. "ये पोरी! गवत कसं होतं? कोवळं का जून?"

"गवत दिसलं नाही मामा, ढग दिसला," असं म्हणून तिने मान पुढे केली.

ती पुन्हा गेली. पुन्हा वळली. किती वेळा, ते विचारू नका. हिशेबात मी कच्चा. वाडी थाळ्या बडवी, पोरंटोरं नाक धरून मागे धावत. तिचे कान तापत, पण डोळे खिंडीवरच. ऊन कडक असलं की ढग लवकर येतो, थंडी असली की उशिरा, हे तिला माघारी फिरता फिरताच उमगलं.

मग एका पहाटे दहिवर गोठलं. सगळी वाडी शेकोटीला चिकटली.

"आज मरायला निघालीस काय गं?" घोंगडीतून कारभारी ओरडला.

"आज रान उशिरा तापेल मामा. ढगही उशिरा उठेल."

तशीच ती निघाली. ढग खिंडीत आला तेव्हा तिची कोकरं पलीकडच्या गवतात कानापर्यंत बुडाली होती.

कारभाऱ्याला हे झोंबलं. दहादा माघारी वळलेली बाई पोचते, आणि आपण बसायचं? पुढच्याच लख्ख, तापल्या दिवशी त्याने आपला कळप हाकला. खिंडीच्या तोंडाशी ढगाने गाठलं. वळावं, तर ज्याने माळा ओवल्या त्याच्याच गळ्यात माळ! तो दात आवळून आत शिरला.

पलीकडे उतरला तेव्हा त्याच्यामागे एक लंगडी मेंढी होती. बाकी कळप धुक्यात कड्यावरून गेला होता.

धनगरणीने त्याला शेकाला बसवलं, ऊन दूध दिलं. म्हाताऱ्याने दूध संपवलं. मग म्हणाला, "पोरी, मी एकदासुद्धा माघारी फिरलो नाही. तू जन्मभराचं फिरलीस. मग डोंगर तुला कसा पावला?"

"मामा, हट्ट पोचायचा धरावा, मागे न फिरण्याचा धरू नये."