निळ्या डागांची साक्ष

“म्हणजे उद्या झरा बुजवू द्यायचा नाही, असं म्हणणं आहे का तुमचं?”

अभिरामच्या आवाजाला धार होती. रोपांवर उभी हयात घालवलेल्या म्हाताऱ्या गुरुजींनी कुंडीवरून मान वर केली नाही.

वाडीला पाणी त्या एकाच झऱ्याचं. ते पाणी घातलं की रोपांची गुणसूत्रं तुटतात, असं अभिरामनं जाहीर केलं होतं. तेव्हापासून बायका डोंगर उतरून पाणी आणत होत्या.

“तुटतात, हे तुला सांगितलं कुणी?”

“खबऱ्या जनुकानं. त्याचे दोन तुकडे करून रोपात घातलेत. गुणसूत्र तुटून पुन्हा सांधलं, की तुकडे जुळतात. मग पान रंगात बुडवलं की निळा डाग उठतो. सगळं जग हेच वापरतं, गुरुजी.”

“सगळं जग... बरं. हे पान बघ.”

गुरुजींनी काचेची बशी पुढं सरकवली. अभिरामनं भिंगाला डोळा लावला. त्याचा चेहरा खुलला.

“डागच डाग! झऱ्याचंच पाणी ना? पार चाळण झालीय!”

“पावसाच्या टाकीचं पाणी, झऱ्याचा थेंबही नाही. आणि यात खबऱ्याचा एकच तुकडा आहे. दुसरा नाहीच.”

“शक्य नाही! मग जुळलं काय?... बी कुठलं हे?”

“तुझ्याच कपाटातलं. पुडी फोडलीसुद्धा नव्हतीस.”

“त्यात निळं येणारच नाही, हे माहीत होतं. पेरायचं कशाला?”

गुरुजींनी बशीकडं बोट केलं.

अभिरामनं पुन्हा भिंगातून पाहिलं. डाग जागचे हलले नव्हते.

“म्हणजे... माझे डागही असेच?”

“असतील. नसतील.”

अभिराम ताडकन उठला. झऱ्याच्या पाण्याची बाटली त्यानं पेल्यात ओतली.

“पाणी चांगलं आहे! आत्ता जाऊन सांगतो वाडीला. हे बघा, आधी मीच पितो.”

गुरुजींनी पेल्यावर पंजा ठेवला.

“आता काय? डाग खोटे ठरले ना?”

“डाग ठरले. पाण्याला तू अजून विचारलंसच कुठं?”