कठड्याच्या आतली माती

“म्हंजे गवतावर कुणी बसायचंच न्हाई?”

“नाही, वस्ताद,” निवास म्हणाला.

“आन बसलं तर?”

“शिट्टी. तरी नाही उठला तर दंड.”

मौला वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून फावड्याच्या दांड्यात पाचर ठोकत होते. तालमीतली पोरं जोर-बैठका मारून घरी गेली होती. हनुमानापुढची उदबत्ती निम्मी जळाली होती.

ही गोष्ट मला निवास मगदूमनेच सांगितली. स्वतःवर उलटलेली गोष्ट माणूस सहसा सांगत नाही. त्याने सांगितली, म्हणून लिहून ठेवतोय.

आमच्या गावात बाग एकच, पण ऐसपैस आहे. एका अंगाला लोखंड ओतायच्या भट्ट्या आणि दुसऱ्या अंगाला माग, आणि मधे हा हिरवा तुकडा. सकाळी तिथं पेन्शनर फिरतात, दुपारी कॉलेजची पोरं अभ्यासाच्या नावाखाली बसतात, आणि संध्याकाळी सगळा गाव येतो. बागेच्या कोपऱ्यात तालीम आहे.

निवास याच तालमीचा पठ्ठा. कान मोडलेले, मान मात्र अजून ताठ. कुस्ती सुटल्यावर त्याने राजकारण धरलं, नगरसेवक झाला, आणि बागेची समिती त्याच्या गळ्यात पडली. त्याच्या आधीच्यांनी बागेत फक्त स्वतःच्या नावाच्या पाट्या सुधारल्या होत्या. निवासने बाग सुधारायचं खरंच मनावर घेतलं. खोटं कशाला बोला?

आता नवा आराखडा मंजूर झाला होता. फिरायला काँक्रीटची गोल वाट, रंगीत दिव्यांचं कारंजं, आणि फोटो काढायला गावाच्या नावाची माणूसभर उंच अक्षरं. आणि सगळ्या हिरवळीला छातीएवढा लोखंडी कठडा. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचा नारळ फुटायचा होता.

गाव कुरकुरत होता. पण मौला वस्तादांनी नारळ फोडला असता, तर कुणाची बोलायची छाती झाली नसती. म्हणून निवास आला होता.

“गवतानं काय घोडं मारलंय तुजं?” वस्तादांनी विचारलं.

“गवतासाठीच तर करतोय! किती वेळा लावलं मी, वस्ताद. पावसाळ्यात लावायचं, उन्हाळ्यात टँकरनं जगवायचं. आणि सुट्टीचा एक दिवस उजाडला की… संपलं. शेंगांची टरफलं काय, सांडलेली आमटी काय. गडीमाणसं तोंडावर टॉवेल टाकून घोरत पडतात. भट्टीवरनं आलोय म्हणे, दमलोय म्हणे. दमलाय तर घरात झोपा की!”

“घर केवढं असतंय त्येंचं?”

“ते मला काय विचारता?”

“बरं… न्हाई विचारत.”

वस्तादांनी पाचरीवर आणखी एक घाव घातला.

“तुडवलेली चीज नासतीच, वस्ताद,” निवास म्हणाला. “जपायची असली तर आत कुणाला सोडायचंच नाही. दुसरा इलाज नाही.”

“दमलास म्हण की तू.”

“मी?” निवास हसला. “मी दमतोय होय!”

दमला होता. मला सांगताना त्याने कबूल केलं. कित्येक महिने धड झोप नव्हती. सकाळी बागेच्या फाटकातून आत शिरायचं म्हटलं, तरी तो बाहेरच घुटमळायचा. आज काय मोडलं असेल, काय उपटलं असेल, हाच विचार. लोकांचा राग यायचा आणि रागाचाही कंटाळा यायचा. पण हे वस्तादांपुढे कसं बोलणार? पैलवान चितपट झाला तरी पाठ लागली नाही म्हणतो.

वस्तादांनी फावडं हलवून पाहिलं. दांडा घट्ट बसला होता.

“येतो,” ते म्हणाले. “फोडतो नारळ.”

निवासचा विश्वासच बसेना. तो पाया पडायला वाकला.

“थांब. रीत इसरलास? हौद्याची मूठभर माती लागंल.”

ही आमच्याकडची जुनी चाल आहे. घराचा पाया असो, विहिरीचा पहिला घाव असो, की पाळण्यातलं पोर असो, तालमीतली चिमूटभर माती आणून लावतात. त्या मातीत ताक मुरलेलं असतं, तेल असतं, हळद असते, आणि कितीतरी लोकांचा घाम. ती लावली की काम उभं राहतं, असं लोक मानतात.

निवासने वाकून समोरच्या हौद्यात हात घातला.

“ह्यातली नगं,” वस्ताद म्हणाले. “ही तर पोरांनी तुडवलेली. तुजं काम मोठं हाय. थोरल्या वस्तादांच्या हौद्यातली आण. जपलेली.”

निवासची मान आणखी ताठ झाली. तो हौदा जपला होता त्यानेच.

तालमीच्या मागे जुना हौदा आहे. थोरले वस्ताद, म्हणजे मौला वस्तादांचे गुरू, त्यात उभे राहून शिकवायचे. निवासही पोरवयात त्याच मातीत पडून पडून शिकला होता. थोरले वस्ताद गेले, तेव्हा निवास नुकताच निवडून आला होता. त्याने हौद्यावर पत्र्याची शेड घातली, भोवती कठडा केला आणि पितळी पाटी लावली. तेव्हापासून त्यात कुणी उतरलं नाही. पुण्यतिथीला बाहेरूनच हार घालायचा आणि नमस्कार करायचा. कठड्याच्या कुलपाची किल्ली निवासच्या खिशात असे, घरच्या किल्ल्यांबरोबर.

तो मागे गेला. कुलूप काढलं, चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत उतरला.

पाय रुतला नाही.

तो खाली बसला. बोटं खुपसली. बोटं वाकली, माती हलली नाही. नखांनी उकरून पाहिलं. मग किल्लीचं टोक घातलं, तर ते घसरलं. टाच मारली, तर टाचेतून कळ मस्तकात गेली.

याच मातीत घोट्याइतके पाय रुतायचे. याच मातीवर तो पाठीवर आदळायचा आणि खाटेवर पडावं तसं वाटायचं. आता एखादं पोर इथे पडलं, तर त्याचं हाड मोडेल.

त्याने किल्लीने पुन्हा खरवडलं. करड्या रंगाची भुकटी निघाली. नाकाशी नेली. वास नव्हता.

थोरले वस्ताद गेले तेव्हा निवासला रडता आलं नव्हतं, खांदा द्यायचा होता, माणसं आवरायची होती. आता त्या पत्र्याखाली उकिडवं बसून त्याला भरून आलं. आपण काहीच वाईट केलं नव्हतं, हेच त्याला जास्त लागलं. सगळं प्रेमाने केलं होतं.

तो परत आला तेव्हा अंधारून आलं होतं. वस्ताद हौद्यात उतरले होते. हळूहळू, एक एक फावडं, माती उकरून उलटी करत होते. गुडघा साथ देत नव्हता, म्हणून प्रत्येक घावाला थांबत होते.

“फावडं द्या, वस्ताद.”

“मूठभर मातीला फावडं?”

“निघत नाही.”

“का रं?”

“दगड झालाय…”

वस्तादांनी फावडं टेकवलं.

“कुणी तुडवला?”

निवास हौद्याकडे बघत राहिला.

“कुणी नाही.”

उदबत्ती संपली होती, नुसता वास उरला होता.

वस्ताद पुन्हा उकरू लागले. खालची ओली, लाल माती वर येत होती. सकाळी पोरांनी तिच्यात धिंगाणा घातला होता. अजून कुणाच्या गुडघ्याची खूण दिसत होती, कुठे पूर्ण पाठ उमटली होती. वस्तादांच्या फावड्याखाली ती पाठ मोडली आणि सपाट झाली.

“सकाळी पोरं परत तुडवणार,” निवास म्हणाला.

“तुडवणारच की. त्येच्यापायीच येत्यात.”

“आणि तुम्ही परत उकरणार.”

“व्हय.”

“कंटाळा नाही येत?”

“येतोय की. लई येतोय. हात वर जात न्हाई आता.”

“मग कुठवर चालायचं हे?”

वस्तादांनी एक ढेकूळ पायाने फोडलं.

निवास हौद्याच्या काठावर बसला. बसला म्हणजे कोसळलाच. स्वच्छ पांढरा लेंगा मातीत गेला, त्याचं त्याला भान नव्हतं. एका नखातून रक्त येत होतं.

“मी दमलोय, वस्ताद,” तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बायकोनेही नाही.

“रोज तेच… रोज लावायचं, रोज गेलेलं बघायचं. एक दिवस तरी कुणी काही मोडू नये, एवढंच मला पाहिजे होतं. एक दिवस बाग जशीच्या तशी दिसावी. बस्स.”

भट्टीचा भोंगा झाला. पाळी सुटली. तालमीच्या खिडकीतून दिव्यांच्या उजेडातली बाग दिसत होती. फाटकातून माणसं आत येऊ लागली. काळवंडलेले हात, बगलेत डबा. कुणी नळावर तोंड धुतलं. कुणाची बायको लेकरू घेऊन वाटेतच भेटायला आली होती. ती दोघं एकमेकांशी फारसं बोललीही नाहीत. जागा बघून नुसती गवतावर बसली. एकाने चपला उशाला घेतल्या, टॉवेल तोंडावर टाकला आणि अंग सोडून दिलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. नव्या रखवालदाराला उद्यासाठी निवासनेच ती आणून दिली होती, तो आजच सराव करत होता. टॉवेल घेतलेला माणूस धडपडून उठला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. तो उभ्याउभ्याच इकडेतिकडे बघू लागला.

निवासने मान खाली घातली.

मग त्याने खिशात हात घातला. जुन्या हौद्याच्या कुलपाची किल्ली जुडग्यातून सोडवली. तिच्या टोकाला अजून ती करडी भुकटी होती. किल्ली त्याने काठावर, वस्तादांच्या पायाशी ठेवली.

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. उचलली नाही.

निवासने विचारलं, “मग उद्याच्या नारळाचं काय करायचं, वस्ताद?”

मौला वस्तादांनी फावडं भिंतीला लावलं. निवासच्या खांद्याचा आधार घेत ते हौद्यातून वर आले आणि तसाच हात ठेवून उभे राहिले.

“दमलायस तू… जा, गवतावर पड जरा.”