फुलांचा पूल

एका डोंगरगावात एक दोर वळणारा होता. गाव आणि बाजार यांच्यामध्ये खोल दरी होती. तिच्यावरचा दोरांचा पूल दर पावसाळ्यानंतर तोच नव्याने बांधायचा. गावाची रीत अशी, की पूल बांधणाऱ्याने स्वतःचं मूल खांद्यावर घेऊन आधी पलीकडे जायचं, मगच बाकीच्यांनी पाय टाकायचा. त्यामुळे दोराला पीळ देताना त्याचा हात कधी सैल पडत नसे.

एकदा गावात एक गोडबोल्या फेरीवाला आला. त्याच्याकडे कसल्याशा रानटी बियांच्या चूर्णाच्या पुड्या होत्या. "चिमूटभर जिभेवर ठेवा, दादा. दगडालाही फुलं आलेली दिसतील!"

दिसली की हो फुलं! दोर वळणारा हरखून गेला. पण चूर्णाची नशा उतरली की जेवण बेचव लागे, घर खायला उठे, हातातला दोर नकोसा होई. मग पुन्हा चिमूट आणि पुढे मूठ. गावातले शहाणे म्हणाले, "कलाकार माणूस आहे, चालायचंच." यांचं काय जातंय म्हणायला!

बायकोने फेरीवाल्याला गाठलं. "तू स्वतः खातोस का रे हे?"

"छे हो वहिनी, मला धंदा करायचाय," तो हसत म्हणाला. हसला मेला! दुसऱ्याचं घर बुडवून वर हसताना दात झडत नाहीत यांचे.

पूल बांधून झाला. सारं गाव काठावर जमलं. दोर वळणाऱ्याने लेकीला खांद्यावर घेतलं.

"बाबा, दोराचा पीळ सुटलाय," ती घाबरून म्हणाली.

"वेडाबाई, केवढा रुंद रस्ता आहे! दोन्ही बाजूंना फुलं बघ."

"फुलं नाहीत, बाबा. खाली दरी आहे!"

तो निघालाच. लेकीने काठावरच्या खांबाला घट्ट मिठी मारली आणि ती त्याच्या खांद्यावरून सुटली, पण त्याला ते कळलंही नाही. तो चार पावलं गेला असेल नसेल, दोर तुटला. दरीतल्या झाडीत अडकला म्हणून जीव वाचला, पण पाय कायमचे गेले.

फेरीवाला तोवर पुढच्या गावाला पसार झाला होता. बायको रडत दरीत उतरली. नवऱ्याने डोळे उघडले. लेक वाचली का, हे त्याने विचारलं नाही.

"पुडी आहे का?" त्याने विचारलं.

तात्पर्य: जी नशा पायाखालची दरी दिसू देत नाही, ती एक दिवस पोटची पोरही दिसू देत नाही, आणि 'चालायचंच' म्हणणारे त्या पापाचे वाटेकरी असतात.