पहिला चमचा

"पेज तीच, वाटी तीच, चमचाही तोच... मग माझ्याच हातचं का नको त्यांना?"

तृप्ती वाघचौरे हा प्रश्न घेऊन मोठ्या सिस्टरांपुढे उभी होती. मोठ्या सिस्टर व्हरांड्यातल्या बाकावर बसून कापसाचे बोळे वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मोठ्या सिस्टर म्हणजे सुवार्ता भिंगारदिवे. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी नदीकाठच्या त्या लहानशा मिशन दवाखान्यात त्या रोज सकाळी येत, बोळे वळत आणि दुपारच्या एसटीनं घरी जात. विचारलं तर बोलत. कधीकधी विचारूनही बोलत नसत. दवाखान्यातल्या निम्म्या नर्सा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या होत्या. कुणी ओरडलं तर या नर्सा मनावर घेत नसत, पण मोठ्या सिस्टर गप्प बसल्या की हातातलं काम पुन्हा तपासून पाहायच्या.

तृप्ती अगदी नवी. एएनएमचा, म्हणजे नर्सिंगचा कोर्स संपून नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नुकतीच हातात पडलेली. छातीवरचा नावाचा बिल्ला ती दिवसातून किती वेळा पुसायची, देव जाणे. पोरगी हुशार होती, हात हलका होता. लपून बसलेली शीरसुद्धा तिला पहिल्या टोचणीत सापडायची. आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं, एवढंच.

गेनबा कोळप्यांपुढे मात्र तिचं काही चालेना.

गेनबा म्हणजे जन्मभर मेंढरांमागे रान तुडवलेला म्हातारा. अर्धांगाचा झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा हलत होता, तोही थरथरत. तृप्ती पेज घेऊन आली की त्या हातानं तो चमचा धरायचा आणि ढकलून द्यायचा. दवाखान्यात आल्यापासून हेच चाललेलं. काल तृप्तीची सुट्टी होती. काल मोठ्या सिस्टरांनी भरवलं, तर म्हाताऱ्यानं वाटी रिकामी केली.

आज सकाळी डॉक्टर येऊन गेले. एका दिवसाच्या जेवणावर माणूस तगत नाही, आणि मोठ्या सिस्टरांना काही तिन्ही त्रिकाळ इथे बसवून ठेवता येणार नाही, असं ते म्हणाले. दुपारी पोटात काही गेलं नाही तर संध्याकाळी नाकातून नळी घालायची. नळी तो उपसून काढणार हे उघड होतं. तेव्हा डावा हात पलंगाला बांधायचा.

बांधायची पट्टी सकाळीच पलंगाच्या दांडीवर येऊन पडली होती. ती पाहिल्यापासून तृप्तीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ज्या माणसाचा एकच हात उरलाय, तो हात आपल्यामुळे बांधला जाणार, या विचारानं तिला रडू येत होतं. आणि म्हाताऱ्यानं आपल्याला हरवलं या विचारानं रागही.

"त्याला काय म्हणतेस?" सिस्टरांनी विचारलं.

"आजोबा, आ करा म्हणते. गोड बोलते. आवाज चढवत नाही कधी."

"आणि तो?"

"चमचा ढकलतात."

"कुठे?"

"म्हणजे?"

"चमचा जातो कुठे?"

तृप्तीला हा काय प्रश्न झाला ते कळेना. "माझ्याकडेच... ॲप्रनवर सांडते सगळी पेज."

सिस्टरांनी हातातला बोळा डब्यात टाकला. नवा कापूस घेतला...

"तू जेवलीस?"

या प्रश्नाची तृप्ती मनातून कधीची वाट पाहत होती. कोर्स संपताना सगळ्या मुलींनी हातात दिवा घेऊन शपथ घेतली होती. तिनं त्या शपथेला मनातल्या मनात आणखी एक जोडली होती. ड्यूटीवर असेपर्यंत, वॉर्डातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय आपण पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण कुणी विचारलं तर बरं, असं तिला रोज वाटायचं. आता तिनं ते सांगितलं. सांगताना मान आपोआप ताठ झाली. ओठांना मात्र कोरड पडली होती.

सिस्टर ऐकत राहिल्या.

"म्हणून," त्या म्हणाल्या.

"म्हणून काय?"

सिस्टरांनी कापसाचा डबा बाजूला ठेवला.

"सिस्टर, मी त्यांच्यासाठी उपाशी राहते."

"म्हाताऱ्याला डोळे आहेत, तृप्ती."

तृप्तीला वाटलं, आपलं कौतुक राहिलं बाजूला, ही तर उलटतपासणी झाली. तिचा चेहरा उतरला. पण सिस्टर बाकावरून उठल्या आणि वॉर्डाकडे चालू लागल्या, तेव्हा तिला मागोमाग जावंच लागलं.

दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. तृप्तीनं गेनबाला उशांना टेकवून नीट बसवलं, गळ्याशी टॉवेल खोचला, वाटी घेतली. नेहमीप्रमाणे ती उभीच राहिली होती. सिस्टरांनी पायानं स्टूल पुढे सरकवलं. ती बसली. सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी जाऊन थांबल्या.

तृप्तीनं पहिला चमचा भरला.

"आजोबा, आ..."

डावा हात उठला. थरथरत आला आणि चमच्याचा दांडा धरला. रोज याच क्षणी तृप्तीचं मनगट घट्ट व्हायचं. तो इकडे ढकलायचा, ती तिकडे रेटायची, आणि मधल्या मध्ये पेज सांडायची. आजही मनगट घट्ट झालं...

कुठे? चमचा जातो कुठे?

तिनं हात सैल सोडला.

चमचा हळूहळू फिरला. थोडी पेज सांडली, थोडी राहिली. म्हाताऱ्याचा हात लटपटत पुढे आला आणि तिच्या ओठांपाशी येऊन थांबला. तिथेच थांबला. खाली गेला नाही.

तृप्तीनं प्रथमच त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आजवर ती चमच्याकडेच पाहत आली होती. त्याचा अर्धा चेहरा मेलेला होता. उरलेल्या अर्ध्यात ओठ किंचित विलग झाले होते. लहान पोराला भरवताना भरवणाऱ्याचंही तोंड उघडतं, तसे.

इतके दिवस ती याला नकार म्हणत होती. सकाळच्या राउंडला डॉक्टरांना तिनंच सांगितलं होतं, पेशंट घेत नाही म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

पण मनातली शपथ काही केल्या सुटेना. शिवाय कोर्समध्ये पहिल्याच महिन्यात घोकून घेतलेला नियम... पेशंटच्या ताटातलं नर्सनं तोंडात घालायचं नाही. तिनं ओठ मिटून सिस्टरांकडे पाहिलं.

म्हाताऱ्याचा हात आता फार थरथरायला लागला होता.

"सिस्टर... शपथ..."

"काल पहिला चमचा मी घेतला," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पलंगाच्या दांडीवरची पट्टी उचलली. सावकाश गुंडाळली, पदराखाली धरली...

"सिस्टर, काय करू?"

"आ कर," त्या म्हणाल्या.