शेवटच्या फेरीतला पंखा

यंत्रांना वाचा होती त्या काळची ही गोष्ट. शर्वाणी लॅपटॉप गादीवर ठेवून मोटारींच्या शर्यतीचा अंतिम सामना खेळत होती. आतला प्रोसेसर भयंकर तापला होता.

“जरा दमानं घे,” पंखा त्याला म्हणाला. “गादीमुळे मला खालून हवाच मिळत नाही.”

“शेवटची फेरी आहे. मी थांबणार नाही!”

मग पंखाच जिवाच्या आकांताने घरघरला, “ताई, आधी आम्हाला उचल!”

शर्वाणीने हात लावला तर चटका बसला. तिने खेळ तसाच सोडून लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवला. तोवर मागची गाडी पुढे गेली. शर्वाणी शेवटपर्यंत झुंजली, पण तिचा दुसरा नंबर आला.

“तुझ्यामुळे हरलो,” प्रोसेसर फुरंगटला.

पंखा फिरता फिरता म्हणाला, “हरलो म्हणायला उरलास ना?”