टिपकी बेडकी आणि निळा वाडगा

एक होती बेडकी. एवढीशी. बोटाच्या पेराएवढी. तिचं नाव टिपकी.

द्वारकाकाकूच्या परसात होता एक माठ. माठाखाली होता मातीचा परळ. माठ ठिबकायचा, टिप टिप, टिप टिप. परळात पाणी साठायचं. त्या पाण्यात टिपकी राहायची. डुबुक!

एक दिवस झाडावरून कैरी पडली. धप्प!
परळ फुटला. खळ्ळ!
पाणी सांडलं. मातीनं पिऊन टाकलं. सुर्रर्र!

वर ऊन. खाली तापलेली माती. टिपकीचं अंग सुकायला लागलं. बेडकीला पाणी लागतंच. पाणी नाही, तर बेडकी नाही.

टिपकी रडली. पण डोळ्यांतसुद्धा पाणी येईना.

काकूच्या घरात होतं काचेचं कपाट. कपाटात होते निळे निळे वाडगे. छान छान. चकचकीत. आणि सगळे रिकामे.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिपकी गेली वाडग्याकडे.

"वाडग्या, वाडग्या, खाली ये ना!
परळ फुटला, पाणी सांडलं,
अंग माझं सुकून चाललं.
सांग, मी राहू कुठं?"

वाडगा काचेआडून बोलला. अगदी बारीक आवाजात.
"मी चांगला वाडगा. चांगल्या वाडग्यात कुणी जेवत नाही. कपाट उघडल्याशिवाय मी येणार नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिपकी गेली कपाटाकडे.

"कपाटा, कपाटा, दार उघड ना!
परळ फुटला, पाणी सांडलं,
अंग माझं सुकून चाललं.
वाडगा येईना.
सांग, मी राहू कुठं?"

कपाट कुरकुरलं. कर्रर्र.
"किल्ली फिरल्याशिवाय मी उघडणार नाही."

किल्ली होती काकूच्या कमरेला. छुन छुन, छुन छुन. काकू बसली होती मागच्या पायरीवर.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिपकी गेली किल्लीकडे.

"किल्ली, किल्ली, फिर ना!
परळ फुटला, पाणी सांडलं,
अंग माझं सुकून चाललं.
वाडगा येईना, कपाट उघडेना.
सांग, मी राहू कुठं?"

किल्ली म्हणाली, "काकू उठल्याशिवाय मी फिरणार नाही."

काकू आमटी-भात जेवत होती. जुन्या, चेपलेल्या ताटलीत. एकटीच.

टुणुक. टुणुक. टिपकी गेली काकूपुढं.

"काकू, काकू, ऊठ ना!
परळ फुटला, पाणी सांडलं,
अंग माझं सुकून चाललं.
वाडगा येईना, कपाट उघडेना, किल्ली फिरेना.
सांग, मी राहू कुठं?"

काकू म्हणाली, "नाही गं बाई. ते चांगले वाडगे. ते ठेवलेत माझ्या आक्कासाठी. माझी मोठी बहीण गं ती. आक्का आल्याशिवाय मी उठणार नाही."

"आक्का कधी येणार?"

काकूनं घास ताटलीतच फिरवला. ताटलीतला भात गार झाला.

आक्का राहायची परसामागंच. गल्ली ओलांडली की तिचं दार. पण गल्ली होती तापलेली. पाय भाजत होते.

टुणुक... टुणुक... टिपकी गेली आक्काकडे. आक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. तीही एकटीच.

"आक्का, आक्का, चल ना!
परळ फुटला, पाणी सांडलं,
अंग माझं सुकून चाललं.
वाडगा येईना, कपाट उघडेना, किल्ली फिरेना, काकू उठेना.
सांग, मी राहू कुठं?"

आक्का म्हणाली, "मी नाही यायची. माझ्या हातून एक निळा वाडगा फुटला. त्याच दिवशी द्वारकेनं कपाटाला कुलूप घातलं. मग मला हाक म्हणून मारली नाही. द्वारकेनं हाक मारल्याशिवाय मी येणार नाही."

आणि आक्कानं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

टिपकी मागं वळली. टुण्... थांबली. टुण्... थांबली. पाठ झाली पापडासारखी. एक मुंगी आली. टिपकीला हुंगून गेली.

टुण्...
टुण्...

टिपकी कशीबशी काकूच्या पायरीवर आली. आवाज फुटेना. तरी बोलली. हळू. अगदी हळू.

"काकू, काकू...
परळ फुटला, पाणी सांडलं,
अंग माझं सुकून चाललं.
वाडगा येईना, कपाट उघडेना, किल्ली फिरेना, काकू उठेना, आक्का येईना.
हाकेवाचून येईना.
सांग, मी राहू कुठं?"

आणि टिपकी पडली. पट्!

काकूचा घास हातातच राहिला.

"हाकेवाचून? आक्का माझ्या हाकेची वाट बघते? अगं, मला वाटलं तीच रुसली!"

काकूनं हाक मारली. "आक्काऽऽ!"
कुणी आलं नाही.

टिपकीनं डोळे मिटले.

काकूनं हाक मारली. "आक्काऽऽ, ये गं!"
कुणी आलं नाही.

काकू रडायला लागली. रडत रडत ओरडली, "आक्काऽऽ! फुटला तर फुटला गं वाडगा! मला एकटीला जेवण जात नाही. तू ये!"

गल्ली गप्प. दार गप्प.

आणि मग वाजली चप्पल. सटक फटक, सटक फटक, सटक फटक!

आक्का आली.
काकू उठली.
किल्ली फिरली. कट्!
कपाट उघडलं. कर्रर्र!
वाडगा खाली आला. ठण्ण!
पाणी पडलं. खळ खळ खळ!

काकूनं टिपकीला उचललं. हळूच पाण्यात सोडलं.

टिपकी हलेना.

काकू वाकली. आक्का वाकली. दोघींची डोकी एकमेकींना लागली. दोघी बघत राहिल्या, बघत राहिल्या.

एक पाय हलला.
मग दुसरा पाय हलला.
मग... डुबुक!

"अगं बाई!" आक्का म्हणाली. आणि दोघी बहिणी हसल्या. रडत रडतच हसल्या.

मग दोघी जेवायला बसल्या. गार भात, गार आमटी. पण निळ्या निळ्या वाडग्यांत!

जेवण झालं. आक्कानं वाडगे घासले. पुसले. कपाटाकडे निघाली.

काकू म्हणाली, "आक्का, राहू देत बाहेरच. रोज लागतील."

"अगं, फुटतील की!"

"फुटू देत. तू आणि मी आहोत तोवर जेवू त्यांत."

दुसऱ्या दिवशी सण नव्हता. पाहुणे नव्हते. साधी आमटी होती. ती निळ्या वाडग्यात होती. आक्कानं भुरका मारला. भुर्रर्र! काकूनं भुरका मारला. भुर्रर्र!

आणि परसात, माठाखाली, एक निळा वाडगा. टिप टिप, टिप टिप.

टिपकी भिजली, आक्का-काकू जेवल्या,
आणि गोष्ट आपली इथंच निजली.